वाट पाहून राहिलो

डिसेंबरातला दुसरा रविवार. मंजुरीसाठी आलेली रक्कम अकराशे रुपये. हजर होते मंडळाचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, वार्षिक अंकाचे शुद्धलेखन तपासणारे गृहस्थ आणि मी. ज्या मुलीच्या गोष्टीवरून मी तिथे भांडलो, ती हजर नव्हती. तिला कोणी बोलावलेच नव्हते.

अकराशे रुपये हे त्या गृहस्थांचे मानधन. अंक 'निर्दोष' केल्याबद्दल.

मी लेखक नाही. वीज खात्यात हिशेब पाहतो. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत इथल्या, जबलपूरच्या, मराठी मुलामुलींना लिहायला बसवतो, एवढेच. घरचे त्यांच्याशी मराठीत बोलतात, ती उत्तर हिंदीत देतात. मी एकच सांगतो, घरात जे ऐकता ते जसे ऐकले तसे लिहा. पैसे घेत नाही. बायको म्हणते, "फुकटात करता तोवरच लोक तुमचं ऐकतात." तेही खोटे निघाले.

त्यांतली एक मुलगी जवळच्या शहपुऱ्याहून बसने येते. वडिलांचे तिथे बियाण्यांचे दुकान आहे. तिने स्वतःवर बेतलेली गोष्ट लिहिली. परीक्षेत नापास झालेली मुलगी जबलपूरच्या बसस्टँडवर बसून गावाकडच्या गाड्या सोडून देत राहते. घरी जायची हिंमत होत नाही. अंधार पडतो, गावाहून वडिलांचा फोन येतो. निकाल त्यांना कळलेला असतो, पण ते त्याचे नावही काढत नाहीत. म्हणतात, "काहून उशीर करून राहिली? ये. मी स्टँडवर वाट पाहून राहिलो." ती पुढच्या गाडीत चढते. गोष्ट संपते.

तिने विचारले होते, "काका, हे चलेल ना? माझी पुण्याची मावशी हसते आमच्या बोलण्यावर."

"तुझे बाबा असेच बोलले का?"

"हो."

"मग हेच राहील."

मी शब्द दिला होता. अंक छापून आला आणि प्रकाशनाच्या दिवशी ती गोष्ट शुद्धलेखनवाल्या गृहस्थांनी स्वतः वाचून दाखवली. दोन वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर पुण्याहून आले आहेत. आवाज चांगला आहे. शेवटी त्यांनी वाचले, "का उशीर करत राहिलीस? ये. मी स्टँडवर वाट पाहत राहिलो."

माझ्या कानशिलात मारल्यासारखे झाले. 'पाहून राहिलो' म्हणजे आमच्याकडे आत्ता, या घटकेला पाहतो आहे. 'पाहत राहिलो' म्हणजे पाहिली, पाहिली, आणि तू काही आली नाहीस. पहिला बाप मुलीला घरी बोलावतो. दुसरा तिला ऐकवतो.

मुलीचे वडील दुकान बंद करून आले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या झाल्यावर दाराशी त्यांनी मुलीला हळूच विचारले, "बेटा, मी तुला त्या दिवशी टोमणा मारला होता का?"

"नाही बाबा."

"मग असं काहून लिहिलं?"

ती माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलायच्या आत ते दोघे रस्त्यापलीकडे गेले होते. पुढच्या रविवारी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "बाबा मला काही बोलत नाहीत, काका. अंक कपाटावर ठेवून दिला. रहने दीजिए. मला नाही लिहायचं आता."

म्हणून मी त्या सभेत बसलो होतो. गृहस्थांना विचारले, लेखिकेला न विचारता वाक्य का बदलले?

"बदललं नाही, दुरुस्त केलं," ते हसत म्हणाले. "पाहून राहिलो म्हणजे काय हो? पाहून मग राहिला कुठे? कोणाकडे मुक्कामाला?"

सगळे हसले. सचिवांचे आजोबा अमरावतीचे. तेही हसले. मला त्या गृहस्थांपेक्षा यांचाच जास्त राग आला. घरी चोवीस तास हेच बोलायचे आणि पुण्याच्या माणसासमोर आपल्याच बोलीवर दात काढायचे!

माझा आवाज चढला तसे अध्यक्ष म्हणाले, "अरे भैया, एका शब्दासाठी इतके काहून तापून राहिले?"

"सचिवजी, हे इतिवृत्तात लिहा," मी म्हटले. "पण शुद्ध करून लिहा. अध्यक्ष म्हणाले, का तापत राहिलात. म्हणजे मी पूर्वी तापलो होतो, आता थंड आहे. बरोबर?"

या वेळी कोणी हसले नाही. अध्यक्ष टेबलाकडे बघत म्हणाले, "अच्छा. अर्थ खरंच बदलतो."

मी मागितले एवढेच, की प्रत्येक अंकात शुद्धिपत्र चिकटवावे. मुलीची दोन्ही वाक्ये जशीच्या तशी, आणि खाली 'बदल लेखिकेचा नव्हता' एवढी ओळ. कोषाध्यक्ष म्हणाले, तेवढा निधी शिल्लक नाही. मी म्हटले, "समोर आहे ना अकराशे." गृहस्थ म्हणाले, हा अपमान आहे. मी म्हटले, आहे. तासभर हेच चालले. शेवटी मंजूर झाले.

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आल्या त्या दिवशी मी पहिली घेऊन शहपुऱ्याला गेलो. वडिलांनी गिऱ्हाईक थांबवून ती दोनदा वाचली. मुलीला घरून कपाटावरचा अंक आणायला सांगितले, बियाण्यांच्या पाकिटांना लावतात तोच गोंद घेतला आणि चिठ्ठी स्वतः चिकटवली.

"हे मी म्हटलं होतं," मुलीला म्हणाले.

"मी हेच लिहिलं होतं, बाबा."

"मग ज्यानं बदललं त्याचं नाव काहून नाही टाकलं यात?" हे मला. नाव टाकायचे नाही, या अटीवरच मंडळाने मंजुरी दिली होती.

रविवारी ती आली. उरलेले अंक पुढ्यात घेऊन बसली आणि चिठ्ठ्या लावू लागली. नवीन काही लिहिले का, हे मी विचारले नाही.

अकराशेपैकी छापखान्याला तीनशे दिले. आठशे शुद्धलेखनवाल्या गृहस्थांना. त्यांनी ते मोजून घेतले आणि सही केली.