फोनवरचं ‘मी’

किरण आणि मी मुलांच्या वसतिगृहात एका खोलीत राहतो. खोलीत ती ‘मी आले’, ‘मी जेवले’ असंच बोलते. हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. काल तिच्या आईचा फोन आला, तेव्हा स्पीकर लावून ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“जेवलास का रे?”

“जेवण झालं, आई.”

“बाजारात गेला होतास?”

“जाणं झालं नाही.”

“सरकारी कागदासारखं काय बोलतोस? शिकायला पाठवलं तर साधं बोलायचंच विसरलास!”

आई हसली. किरणही हसली, पण हातातल्या शर्टाची घडी तिने तिसऱ्यांदा मोडली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी फोनवर इंग्रजी शब्द येऊ नयेत म्हणून मीही जपून बोलतो. पण माझा शब्द चुकला तर बाबा फार तर चिडवतील. किरणचं एक ‘जेवले’ निसटलं तर घराचं दार बंद होईल, असं तिला वाटतं. ‘जेवलो’ आणि ‘जेवले’ यांत एका कान्याचा फरक. एवढ्याशा फरकाला माणूस रोज इतकं घाबरू शकतो, हे मला कुठे ठाऊक होतं?

“बरं, दिवाळीला येतोस ना?” आईने विचारलं.

किरणने शर्ट बाजूला ठेवला. “मी येईन,” ती म्हणाली.

‘येईन’ मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते. अख्ख्या फोनमध्ये ‘मी’ हा शब्द ती तेवढा एकदाच बोलली.