उपासाच्या दिवसाची गोळी

बायकोची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत होती. डायलिसिस अजून लागलं नव्हतं आणि ते लांबवणं एवढंच आमच्या हातात होतं. रक्तातला फॉस्फरस मात्र दर तपासणीला वरच निघे. त्यासाठी इंदरगंजच्या डॉक्टरांनी कॅल्शियम अॅसिटेटच्या गोळ्या दिल्या होत्या. जेवताना घेतल्या की अन्नातला फॉस्फरस पोटातच अडकतो, रक्तात जात नाही. जेवणाबरोबरच घेता ना, असं ते दर वेळी विचारत. ती हो म्हणे, आणि ते खरंच होतं.

मी सगळे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायचो. डाळ कमी केली, पनीर बंद केलं, तरी आकडा चढतच होता. तिला खाज सुटे, कोपरांवर ओरखडे दिसत. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील, रक्तवाहिन्या कडक होतील, असं डॉक्टर म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि सोमवारच्या उपासाला गुरुवार जोडला. पुढच्या रिपोर्टनंतर शनिवारही.

शनिवारी मी घरी असतो. ती साबुदाण्याची खिचडी घेऊन बसली; दाण्याचं कूट भरपूर, सोबत पेलाभर दूध. ताटाजवळ गोळी नव्हती. मी विचारलं.

"अहो, ती जेवणाबरोबरची ना? आज उपास आहे."

मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, पोटाला काय पता, फराळ आहे की जेवण?"

मी ताटाकडे बघत राहिलो. दाणे आणि दूध, दोन्हींत फॉस्फरस भरपूर, आणि नेमकं त्याच दिवशी गोळी नाही. आकडा चढला की उपास वाढत होता, उपास वाढला की आकडा. नई सडकेवरून दाणे निवडून आणत होतो मीच.

मी तिला हे सरळ सांगितलं. गोळी आणून ताटाशी ठेवली. तिने ती बाजूला सारली. फराळाला औषध लागलं तर तो उपास कसला, म्हणाली. मग उपासच सोड, मी म्हणालो.

"नवस बोललेय. आकडा खाली येईपर्यंत सोडायचे नाहीत."

"आणि नाहीच आला तर?"

कोपर खाजवत ती जरा हसली. "मंगळवार रिकामा आहे ना अजून."