डाकोटातली एक सीट

दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला सवय नाही. आमच्या किचनची खिडकीच देवपुजारींच्या ड्राइव्हवेवर उघडते, त्याला मी काय करणार? प्लेनोसारख्या अमेरिकन उपनगरात घरं एवढी मोठी आणि रस्त्यावर माणूस एवढा दुर्मीळ, की समोर कोणी हललं तरी बघितलं जातं. म्हणून मला पक्कं ठाऊक होतं: चार वर्षं दर शनिवारी सकाळी सातला गुरुनाथ देवपुजारी तेलाचे डाग पडलेली जीन्स घालून निघायचे आणि संध्याकाळी आणखी चार डाग घेऊन परतायचे.

मी संशय घेतला. घेणारच. पन्नाशीला टेकलेला नवरा, डेटाबेसची नोकरी, मुलगी कॉलेजला गेलेली. त्यांच्या बायकोला, सुलभाला म्हटलं, "अगं, जरा चौकशी कर."

ती थंडपणे म्हणाली, "केली. नाव डाकोटा. वय साठच्या पुढे."

डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचं जुनं विमान, महायुद्धात सैनिक आणि सामान वाहिलेलं. गावापासून तासाभरावरच्या एका छोट्या धावपट्टीवर काही हौशी म्हाताऱ्यांनी ते उडतं ठेवलं होतं. तिथे आमचे गुरुनाथभाऊ फुकट राबायचे. इंजिन पुसायचे, तेलाच्या पराती धुवायचे. सगळे त्यांना 'गुरू' म्हणायचे. घरी चहाचा कप न विसळणारा माणूस! मी त्या विमानाला सुलभाची सवत म्हणायला लागले आणि सुलभालाही ते पटलं.

पण खरी गोष्ट मला एका दिवाळीच्या फराळाला कळली. भाऊंचे वडील, विष्णुपंत, नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर फिटर होते. टपाल नेणाऱ्या डाकोटांची इंजिनं त्यांच्या हाताखालून जायची. दुरुस्ती झाली की चाचणीला ते स्वतः आत बसायचे. "बाहेरून काहीच समजत नाही रे," म्हणायचे, "आतून ऐकलं की इंजिन बोलतं." लहानग्या गुरुनाथाला त्यांनी कबूल केलं होतं, मॅट्रिक झालास की तुला आत बसवून नेतो. मॅट्रिकच्या आधीच डाकोटा बंद झाल्या. मग बाबा गेले.

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं राबताय ते फक्त एक आवाज ऐकायला?" मी चकलीचा तुकडा मोडत विचारलं.

"हो ना, वहिनी," ते म्हणाले, आणि मी चकलीचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बातमी आली की विमान दुसऱ्या राज्यातल्या एका संग्रहालयाने घेतलंय. तिथे ते छताला टांगणार, पुन्हा उडणार नाही. शेवटची फेरी ऑक्टोबरातल्या रविवारी, आणि तिच्यात एक सीट गुरूची. कॅलेंडर पाहिलं तर तो रविवार दसऱ्याचा, बाबांच्या इंजिनपूजेचा दिवस. भाऊंना तो बाबांचाच निरोप वाटला.

हायवेवर ड्राइव्ह करायची सुलभाला भीती, म्हणून मीच तिला घेऊन गेले. (उत्सुकता नव्हती. अजिबात नव्हती.) पोचलो तर हँगरमध्ये भाऊ शिडीवर. सोनेगावला दसऱ्याला बाबा करायचे तशी उजव्या इंजिनाची पूजा चाललेली. पंख्याला झेंडूची माळ, इंजिनाच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट, आणि वरच्या कडेवर गणपती म्हणून मांडलेली सुपारी. पाच मिनिटांत नमस्कार करून त्यांनी सगळं उतरवलं. माळ उतरली, कुंकू पुसलं गेलं. सुपारी नव्हती.

"बाप्पा आधीच बोर्ड झाले वाटतं!" मी म्हटलं.

भाऊ हसले नाहीत. त्या कडेच्या मागेच हवा ओढायचं तोंड होतं. सुपारी तिथून आत गेली असेल तर इंजिन हवेत दगा देऊ शकतं. आम्ही तिघांनी फरशीवर रांगून शोधलं. बाहेर पाहुणे जमायला लागले होते.

"माझ्या पर्समध्ये दुसरी आहे," सुलभा कुजबुजली.

"अगं, गणपतीला कमी पडली नाही. जास्त झाली आहे, इंजिनात!" मी म्हटलं.

"मग खालीच कुठेतरी घरंगळली असेल. कोणी पाहिलं का?" ती भाऊंना म्हणाली. "चार वर्षं थांबलात तुम्ही."

चार नाही, चाळीस. भाऊंनी एकदा विमानाच्या दाराकडे पाहिलं, हात पुसले आणि सरळ वॉल्टकडे गेले. हा तिथला मुख्य मेकॅनिक, सत्तरीतला, भुवया पांढऱ्या. त्याने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "किती मोठी?" भाऊंनी चिमूट करून दाखवली.

फेरी अडीच तास लांबली. पत्रा उघडला. शोधायला भाऊंचेच हात आत गेले, कारण तिथलं बोळकांडं त्यांना पाठ होतं. सुपारी सापडली, अगदी जाळीपर्यंत जाऊन बसलेली. वॉल्टने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"गुरू, नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

इंजिनाजवळ ज्याच्या हातून सुटी वस्तू पडली, त्याने त्या दिवशी उडायचं नाही. वॉल्टने स्वतःच्या मुलालाही एकदा खाली ठेवलं होतं म्हणे. तो डोळे चुकवत म्हणाला, "सीट मात्र तुझीच आहे. कोणाला द्यायची ते तू सांग."

भाऊंनी सुलभाकडे पाहिलं. ती, जी लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून घेते, पर्स माझ्या हातात कोंबून शिडी चढली. खालच्या आवाजात म्हणाली, "नीट ऐकून येते हं."

इंजिनं सुरू झाली. आधी निळा धूर, मग छातीत घुसणारा गडगडाट. मी कानांवर हात ठेवले. भाऊ डोळे मिटून उभे होते. विमान वर गेलं, पांढऱ्या ढगाखालून वळलं, मग एक ठिपका, मग तोही नाही. तरी ते उभेच.

वीस मिनिटांनी सुलभा उतरली. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक.

"कसा येतो गं आवाज, आतून?" भाऊंनी विचारलं.

"काय सांगू तुम्हाला? मला सांगताच येणार नाही." ती रडवेली झाली. "कानात तर काही राहिलंच नाही. मग मी भिंतीवर हात टेकवून ठेवला, शेवटपर्यंत. हा बघा, अजून थरथरतोय."

भाऊंनी तिचा तळहात दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच्या कानाला लावला. तिथेच, पाहुण्यांच्या गर्दीत. वॉल्टने तेल पुसायला हाक मारली. एरवी त्या हाकेला ते पळत जातात. वॉल्टने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.