मशीनला ळ ऐकू येत नाही

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मी बी.एस्सी. झाले आणि अमरावतीच्या एका दवाखान्यात, कानाच्या विभागात, मला नोकरी लागली. काम होतं कानाला लावायच्या मशिनी तपासायचं. वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी एकच धरून ठेवलं होतं, पोरगी शिकली पाहिजे. नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांनी तो अख्ख्या गल्लीला वाचून दाखवला. 'श्रवणयंत्र' या शब्दाशी मात्र दर वेळी अडखळले.

तेव्हाच्या मशिनी काड्यापेटीहून थोड्या मोठ्या असत. डबी खिशात किंवा पोलक्यात अडकवायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत न्यायची. आत एक माइक, तीन-चार ट्रान्झिस्टर आणि एक सेल. माझ्या खोलीत एक लाकडी पेटी होती. तिच्यात छोटा स्पीकर बसवलेला. त्यातून जाड्या आवाजापासून बारीक शिट्टीपर्यंत एकेक सूर सोडायचा, मशीन तो किती मोठा करते हे मीटरच्या काट्यावर बघायचं आणि आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं. पेटीत आवाज घुमू नये म्हणून आतून काहीतरी मऊ लावावं लागे. डॉक्टरांनी मुंबईहून स्पंज मागवला होता, तो काही येईना. शेवटी वडिलांनी जिनिंगमधली पिशवीभर रुई पाठवली. ती मी पेटीत ठासून बसवली आणि आवाज घुमायचा थांबला.

आमचे डॉक्टर पुण्याचे. नुकतेच बदलून आलेले, कामाला वाघ आणि स्वभावाने सरळ. नुसत्या सुरांवर त्यांचं समाधान होत नसे. ते म्हणत, "माणूस शिट्ट्या ऐकायला मशीन लावत नाही, बोलणं ऐकायला लावतो." म्हणून त्यांनी स्वतः बसून शब्दांची एक यादी केली होती. दार बंद करून ते पेशंटला समोर बसवत, तोंडापुढे कागद धरून एकेक शब्द बोलत. पेशंटने तो परत म्हणायचा. बरोबर असला की खूण, चुकला की फुली. संध्याकाळी ते कागद माझ्या टेबलावर येत.

दीड-दोन महिन्यांनी ते कागदांचा गठ्ठाच घेऊन माझ्या खोलीत आले.

"हे बघा," ते म्हणाले. "डोळा, केळी, काळा, शाळा. सगळ्यांच्या फुल्या याच शब्दांवर. पाणी आणि कोण यांवरही. मशीनला ळ आणि ण ऐकू येत नाहीत. कुठल्यातरी पट्टीत आवाज गळतोय."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी मशीन पेटीत ठेवून पहिल्यापासून मोजायला घेतलं. एरवी दहा ठिकाणी मोजायचे तिथे चाळीस ठिकाणी मोजलं. सेल बदलले, वायर बदलली, माइक बदलला. आलेखात खड्डा म्हणून कुठे सापडेना. डॉक्टर म्हणाले, दुसरी मशीन घ्या. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. तोवर त्यांनी मुंबईच्या कंपनीला कडक पत्र लिहून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात माझी आत्या आली. ती तेल्हाऱ्याची. लहानपणी कान वाहून तिला कमी ऐकू यायला लागलेलं. तिच्याशी बोलायचं म्हणजे अंगणात उभं राहून शेजारच्या वाडीला हाक मारल्यासारखं बोलावं लागे. तेल्हाऱ्याहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती असा एसटीचा प्रवास करून ती एकटी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मले मशीन लाव. पन त्या खोलीत मी एकटी नाई बसत."

म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या बंद खोलीत बसले. आत्याच्या पोलक्याला डबी अडकवली, कानात बोंडी बसवली. डॉक्टरांनी तोंडापुढे कागद धरला.

"डोळा," ते म्हणाले.

"डोया," आत्या म्हणाली.

फुली.

"पाणी."

"पानी."

फुली.

"केळी."

"केयी."

पुन्हा फुली. आत्या वाकून कागदाकडे बघत होती. "डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "मी बराबर सांगून राह्यली. तुमी फुल्या काहून मारून राह्यले?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. सगळा उलगडा मला पहिल्या 'डोया'लाच झाला होता, पण तोंड उघडेना. त्याचं कारण सांगते. कॉलेजात पहिल्या वर्षी मी वर्गात 'काया' म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या मुली दिवसभर हसल्या. त्यानंतर मी खोलीत आरशासमोर उभी राहून जीभ वळवायला शिकले. काळा, निळा, पिवळा. दवाखान्यात मी कधी घरचा शब्द तोंडातून जाऊ दिला नव्हता. तिथल्या लोकांना वाटे, ही इकडची नसावीच. मलाही ते आवडायचं.

"सर," मी म्हणाले, "आत्याला नीट ऐकू येतंय. आमच्याकडे असंच बोलतात."

"आमच्याकडे म्हणजे?"

"अकोल्याकडे, तेल्हाऱ्याकडे. इथं अमरावतीतही. मीसुद्धा घरी डोयाच म्हणते."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "तुम्ही? म्हणून दाखवा."

"डोया," मी म्हणाले. "काया. शाया. कोन."

मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वर पाहिलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी कंपनीला पत्र लिहिलंय हो," ते म्हणाले.

आत्याने मला विचारलं, "हे काहून हसून राह्यले?" मी सांगितल्यावर तीही हसली, पण फुल्या खोडून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही जुने कागद तपासत बसलो. फुलीच्या शब्दाला कोण काय म्हणालं ते डॉक्टर आपल्या वहीतून वाचत, मी एकेका शब्दावर 'हे बरोबर' म्हणायचे आणि ते लाल पेन्सिलीने फुली खोडायचे. एकाने पेरूला जाम म्हटलं होतं, एकाने कोथिंबिरीला सांबार. डॉक्टरांनी विचारलं, "जामसुद्धा बरोबर?" मी म्हणाले, "ऐकलं म्हणून तर सांगितलं." खरोखर चुकणारे दोघं-तिघंच निघाले. त्यांना डॉक्टरांनी मोठ्या ताकदीच्या मशिनी दिल्या. कंपनीला दुसरं पत्र गेलं, ते मात्र फार नरम होतं.

नवी यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी सुट्टीत अकोल्याच्या भाजीबाजारात वही घेऊन हिंडले. बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली, शिवाय सांबार, जाम असं लिहून आणलं. पुढे दवाखान्यात स्पूलवाला टेपरेकॉर्डर आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना एकाच आवाजात शब्द ऐकवू. तुमचाच आवाज घेऊ."

मी माइकसमोर बसले आणि सवयीने कॉलेजच्या जिभेने वाचायला लागले. आत्या त्या दिवशी सेल न्यायला आलेली, दारातच बसली होती. तिने कानातली बोंडी नीट केली आणि म्हणाली, "हे कोन बोलून राह्यलं? घरच्यासारखं बोल ना."

डॉक्टरांनी टेप मागे फिरवली. मी पुन्हा वाचलं. डोया, केयी, पानी, कोन. आरशासमोर वर्षभर घोटलेलं सुटायला पाचच मिनिटं लागली, आणि बरं वाटलं. त्या दिवसापासून मी दवाखान्यातही पेशंटशी घरच्यासारखीच बोलायला लागले. पहिल्या आठवड्यात कंपाउंडर जरा चमकला. मग तोही तसंच बोलायला लागला. तो आमच्या अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचा होता, हे मला तेव्हा कळलं.