मार्था मावशीला रडू यायचं, पाणी यायचं नाही

रोझी, तुला आठवतं? कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की आपण दोघी बहिणी उत्तनच्या कोळीवाड्यात मार्था मावशीच्या अंगणात वाळत्या बोंबलांवरचे कावळे हाकत बसायचो... सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मावशी भाकरीच्या घासाघासाला तांब्यातल्या पाण्याचा घोट घ्यायची. "भाकर खातंस का पितंस गो?" आई तिला चिडवायची.

मग मावशीचा नवरा वारला. मयताला सगळी आळी हंबरडा फोडत होती आणि मावशीच्या डोळ्यांत टिपूस नाही. दगड हाय दगड, असं बायका तिच्या देखत बोलल्या. मावशीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मना रडू येतंय गो, पाणीच येत न्हाय."

काही वर्षांनी तिच्या कानाखाली सूज आली. दाढेची असेल म्हणून घरी मिठाचा शेक देत राहिले. मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता... लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर.

गेल्या महिन्यात माझा गाल सुजला, तो उतरेचना. तोंडाचा कोरडेपणा मी वयावर ढकलला होता. भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "रडताना डोळ्यांना पाणी येतं का?" मला एकदम मयताच्या दिवशीचं ते अंगणच दिसलं...

आजाराचं नाव शोग्रेन. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. बहुतेकांच्या जिवाला धोका नसतो, पण थोड्या जणांना त्यातून लिम्फोमा होऊ शकतो. म्हणून न उतरणारी सूज अंगावर काढायची नाही. मावशीला हेच होतं का, आता कोण सांगणार...

गुरुवारी माझ्या गालातली गाठ सुई घालून तपासणार आहेत. भीती वाटतेय. पण मावशीपेक्षा मी लवकर पोचलेय, एवढं खरं.

तोवर माझ्याकडे असलेल्या मावशीच्या वस्तूंची वाटणी सांगून ठेवते. कानातली सोन्याची कापं रोझीला. मावशीला दगड म्हणणाऱ्या बायका आता राहिल्या नाहीत, त्यांच्या नातींना ही पोस्ट.

आणि तांब्या रोझीच्या लेकीला, शेरॉनला... हल्ली जिच्या डोळ्यांत सारखी वाळू खुपते. पण बाळा, आधी डॉक्टरांना दाखवून ये, मगच तांब्या मिळेल.