त्सुकुबा ते कोबे, उभ्यानं

जपानमधल्या २०११ च्या मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर काही दिवसांनी मी मेधाला आणि दीड वर्षाच्या ऊर्वीला नारिता विमानतळावर सोडायला गेलो. कडेवर मुलं घेतलेल्या बायकांनी सगळा विमानतळ भरला होता. सांगलीहून नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सारखे फोन येत होते. "सूनबाईला आणि पोरीला आधी पाठव. तुझं मागनं बघू." स्वयंपाकघरातलं कपाट मेधाच्या अंगावर पडता पडता राहिलं होतं.  आत जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

तुम्ही जे तिकडे भारतात राहिलात, त्यांना वाटतं की आम्ही एकदा घर सोडलं आणि सुटलो. इकडे आलेल्या तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. इथं ते पुन्हा पुन्हा सोडावं लागतं.

मी तोक्योजवळच्या त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत मिश्रधातूंवर काम करत होतो. कॉन्ट्रॅक्ट बरंच बाकी होतं आणि काम मनापासून आवडत होतं. वर्षभरानं मेधा जपानला परत यायला तयार झाली, पण त्सुकुबाला नाही. तिची मैत्रीण तिथून लांब, पश्चिमेकडच्या कोबेत होती, तिथल्या एका बालवाडीत मेधाला काम मिळत होतं.

"अगं, मोठा भूकंप कोबेतही होऊन गेलाय," मी म्हणालो.

"होऊन गेलाय ना? मग झालं."

दोघी कोबेला राहायला गेल्या, मी त्सुकुबालाच राहिलो.

तेव्हापासून जोडून सुट्टी आली की मी गाडीत. लॅबमधलं मशीन कधी मोकळं होईल याचा भरवसा नसायचा, म्हणून रिझर्व्हेशन करता यायचं नाही. आणि मे महिन्यातल्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांत अख्खा जपान घरी निघालेला असतो. बिनरिझर्व्हेशनच्या डब्यात शिरलं की दाराशी, बाथरूमच्या बाजूला, पाठ टेकायला जागा शोधायची. शिनकानसेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, वेग बाहेरून बघणाऱ्यांना. आत माझे पाय तोक्योपासून कोबेपर्यंत नुसते भरून यायचे.

ऊर्वी बालवाडीत जायला लागली, त्या वर्षी इथल्या, पाच मेच्या, बालदिनाच्या सुट्टीला मी असाच उभा होतो. हातात तिच्यासाठी घेतलेला मिठाईचा डबा. शेजारी माझ्याहून थोडे मोठे एक गृहस्थ उभे होते. माझ्या डब्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "तानशिन-फुनिन का?" नोकरीपायी घरच्यांपासून लांब एकट्यानं राहणं, याला इथं असा रीतसर शब्द आहे. मी मान हलवली.

"मीही. मुलगा तिसरीत होता तेव्हापासून," ते म्हणाले. "आता कॉलेजात आहे. मी घरी गेलो की तो आपल्या खोलीत जाऊन बसतो. वाईट नाहीये तो. माझ्याशी काय बोलायचं ते त्याला सुचत नाही, एवढंच."

नागोयाला ते उतरले. जाताना वाकून म्हणाले, "तुमची मुलगी अजून लहान आहे. बरं आहे."

कोबेत त्या दिवशी ऊर्वी शहाण्यासारखी वागली. मिठाई घेऊन जपानीत आभार मानले, चित्रं दाखवली, जेवताना मला आधी वाढायला लावलं. मी मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मला स्टेशनवर सोडायला आल्या. मी गाडीत चढलो, दारातच उभा राहिलो. ऊर्वीनं हात हलवला आणि म्हणाली, "माता किते ने."

म्हणजे, परत या हं. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतात, आपण पाहुण्यांना म्हणतो.

मेधाचा चेहरा उतरला. "अगं, बाबांना असं नाही म्हणायचं."

"मग काय म्हणायचं?" तिनं विचारलं. या वेळी मराठीत. तिला खरंच माहीत नव्हतं.

 दारं बंद झाली.

क्योतो गेलं, नागोया गेलं. वाटेत एक जागा रिकामी झाली, तरी मला बसावंसं वाटलं नाही. त्सुकुबाला पोचल्यावर मेधाला फोन केला. "मी तिकडे येतो," म्हटलं.  ती म्हणाली, "तुझ्या कामाचं काय?" "बघू," म्हटलं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मी घेतलं नाही. कोबेच्या एका लहानशा कंपनीत धातूंची तपासणी करायला लागलो. काम बरं आहे, पण त्यात नवीन असं काही नाही. जुन्या लॅबमधल्यांचे पेपर छापून आले की मी ते वाचतो, त्यातले आलेख पुन्हा पुन्हा बघतो. नानांना कळवलं तेव्हा "संशोधन सोडलंस?" एवढंच म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

सांगलीला गेलो की आई नवी चादर काढते आणि चप्पल काढायच्या आत विचारते, "किती दिवस आहेस?" तिचं चुकत नाही. तिला दिवस पुरवून पुरवून वापरायचे असतात.

इथं आता सुट्टीच्या दिवशी मी कुठंही जात नाही. इतक्या वर्षांचा शीण असा एकदम जात नाही. फ्रीजसमोरच्या तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, आडवा पडतो. ऊर्वी येते, मला ओलांडते, वैतागते आणि म्हणते, "बाबा, जामा!" म्हणजे, वाटेत पडलायस, हो बाजूला.

मी पाय थोडे आखडून घेतो आणि तिथंच पडून राहतो.