त्याच कंपनीचा कॉम्प्युटर

रविवार, भीमजयंतीनंतरचा पहिला. ठिकाण – अमरावती, आमच्या घराची समोरची खोली. हजर – मी, माझे पती प्रकाश, मुलगी तृप्ती, आणि सकाळच्या गाडीने अकोल्याहून आलेल्या नणंदबाई, सुषमाताई. विषय – घरचा कॉम्प्युटर बदलणे. बदलायचा तर कोणत्या कंपनीचा घेणे.

मी कॉलेजच्या ऑफिसात सभांची इतिवृत्तं लिहिते, म्हणून सवयीने असं उतरलं. पण पुढचं कुठल्याच इतिवृत्तात बसणारं नाही. हे मी प्रकाशना सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. घरात एकटी असताना मोठ्याने उच्चारलंसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे – तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

आधी सोपं ते सांगते. आमच्या घरी पहिल्यापासून एकाच कंपनीचा कॉम्प्युटर आहे. पहिला बंद पडला तेव्हा त्याच कंपनीचा दुसरा घेतला. आता तोही सुरू होता होता चहा उकळून होतो. तृप्ती नागपूरला अॅनिमेशन शिकून आली, घरून काम करते. तिला दुसऱ्या कंपनीचा हवा आहे. तिचं सगळं काम त्याच्यावर चालतं, ज्यांच्याकडून तिला काम मिळतं तेही तोच वापरतात. पोरीचं म्हणणं चुकीचं आहे का? अजिबात नाही. ऑफिसात असा प्रस्ताव आला असता तर मीच पहिली सही केली असती.

पण मी नको म्हणाले. सर्व्हिस सेंटर जवळ आहे म्हणाले. प्रिंटर जुळणार नाही म्हणाले. माझा मराठी टायपिंगचा हात बसला आहे म्हणाले. तृप्तीने एकेक मुद्दा खोडला, तोही न चिडता. प्रकाश हसत म्हणाले, "तुही आई त्या कंपनीची सून आहे का वं? काहून एवढी बाजू घेऊन राहिली?"

सगळे हसले. मीही हसले. आणि मग – दर वेळी काढते तेच शेवटचं कारण काढलं.

"आईंची गाणी त्याच्यात आहेत," मी म्हणाले. "ती दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत."

खोलीतलं हसणं थांबलं. आईंचं नाव निघालं की आमच्याकडे थांबतंच.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातलं. शाळा नाही, पण जात्यावर बसल्या की ओव्या येत. बाबासाहेबांवरच्या, दीक्षेला पायी निघालेल्या त्यांच्या वडिलांवरच्या, कापूस वेचण्यावरच्या. सुषमाताई जन्मल्या तेव्हाची एक होती, तिच्यात ताईंचं नाव होतं. जातं गेलं, गिरणी आली, तरी त्यांचं गाणं राहिलं. एका उन्हाळ्यात मीच ठरवलं, हे भरून ठेवायचं. माइक आणला, कूलर बंद करायचा नियम केला, दुपारी आईंना कॉम्प्युटरपुढे बसवलं. कॉम्प्युटरला त्या डबा म्हणत.

त्यांची एक पद्धत होती. सुरू करण्याआधी आदल्या दिवशीचं ऐकायच्या. "मांगचं लाव वं सुनबाई," म्हणायच्या, "मंग समोरचं येते." त्यांच्या ओव्या एकीला एक धरून चालायच्या. शेवटची कडी कानावर पडली की पुढची आपोआप ओठांवर. मागचं ऐकल्याशिवाय त्यांनी एकही ओवी भरली नाही.

ही पद्धत लक्षात ठेवा. माझं सगळं इथेच अडकलं आहे.

गाणी भरून झाली. त्यानंतर ऑफिसचं काम घरी आणावं लागलं, कॉम्प्युटर भरला. मी गाणी पेन ड्राइव्हवर घेतली आणि कॉम्प्युटरवरची काढून टाकली. नीट काम होतं. जयंतीच्या आदल्या दिवशी वस्तीतली पोरं दारात आली. मिरवणुकीच्या गाडीवर लावायला गाणी हवी होती, आणि माझ्याकडे सगळं असतं हे सगळ्यांना ठाऊक. मी ड्रॉवर उघडला, पेन ड्राइव्ह घेतला, लावला. आईंचं नाव दिसलं. मनात आलं – हे तर कॉम्प्युटरवर आहेच. पुसला. पोरांची गाणी भरून दिली. तेही नीटच काम होतं. दोन्ही कामं नीट केली आणि दोन्ही मिळून आईंचा आवाज गेला. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आई ओट्यावर खुर्ची टाकून टाळ्या वाजवत होत्या.

कळलं नंतर, सुषमाताईंनी पोरीच्या हळदीला लावायला एक ओवी मागितली तेव्हा. शोधलं. पुन्हा शोधलं. मग अकोल्याला ताईंकडे जाते असं सांगून निघाले आणि आधी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात गेले, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. पोरांकडून परत आल्यावरही वापरात राहिलेला पेन ड्राइव्ह दुकानदाराने लावून पाहिला. "म्याडम, याच्यावर लई डाव भरेल-पुसेल आहे. आता नाही भेटत." तिथून रिक्षाने मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात ताईंच्या घरी गेले, जेवले, आणि सांगितलं – गाणी सुखरूप आहेत, पण ज्या प्रोग्रॅममध्ये भरली तो आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरच चालतो. ताईंनी आणखी एक पोळी वाढली.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, कोणाच्याही हातून होते. हो. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

आई तेव्हा जिवंत होत्या.

हे वाक्य लिहायला मला इतका वेळ का लागला? जिवंत होत्या, चांगल्या होत्या, आवाज खणखणीत होता. त्यांच्यासमोर बसून म्हणायचं होतं – आई, माझ्याकडून पुसलं गेलं, पुन्हा गाता का? त्या रागावल्या असत्या. दोन दिवस बोलल्या नसत्या. तिसऱ्या दिवशी गायल्या असत्या. मी त्यांना ओळखत होते, त्या गायल्याच असत्या. पण या घरात कोणाची वस्तू हरवली की मला विचारतात. माझ्या हातून काही हरवत नाही, अशी माझी ओळख होती – आणि ती मला त्यांच्या गाण्यापेक्षा प्रिय होती. दुसरं काय म्हणू?

आणि त्या मला सुटू देत नव्हत्या. पावसाळ्यात एका दुपारी पलंगावरून हाक मारली. "सुनबाई, मले आणखीन आठवलं. तुह्या डब्यात भरून घे. पहिले मांगचं लाव."

मागचं. कुठून लावू?

मी म्हणाले, माइक बिघडला आहे. पुढच्या वेळी म्हणाले, ऑफिसची तपासणी आहे, नंतर. मोबाइल माझ्या हातात होता, त्यातही भरता आलं असतं. पण त्या आधी मागचं मागणार. म्हणून मी त्यांना गाऊच दिलं नाही. कामात असताना त्या गुणगुणायला लागल्या की मी मिक्सर लावायची. हो, हेही केलं. शेवटी शेवटी त्या प्रकाशना म्हणाल्या, "तिले टाइम नाही रे, लई काम रायते तिच्या जिवाले." माझीच बाजू घेतली. पुढच्या हिवाळ्यात गेल्या. तेव्हापासून मी त्याच कंपनीचा कॉम्प्युटर घेते आहे. कोणी ऐकवा म्हटलं की कधी स्पीकर बंद असतो, कधी प्रोग्रॅम नवा करून घ्यायचा असतो.

तुम्ही विचाराल, निदान आठवणीतून काही लिहून काढता आलं नाही का? भरताना मी एकटीच तर तिथे होते. पण मी ऐकत नव्हते. मी पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ पाहत होते – वर जाते, खाली येते, फार वर तर नाही ना गेली. ताईंच्या नावाची ओवी मी दोनदा भरून घेतली, पहिल्या वेळी कुकरची शिटी आली म्हणून. तिचा एक शब्द मला सांगता येत नाही.

आज सुषमाताईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "वहिनी, मले ते कंपनीबिंपनी काही समजत नाही. तू होती म्हणून माह्या आईचा आवाज राह्यला. बाकीच्यायनं तर एक फोटो बी धड ठेवला नाही." आणि भावाकडे पाहिलं. प्रकाश खाली बघत होते.

तृप्ती म्हणाली, "आई, मी बघते ना, कोणत्या प्रकारची फाइल आहे ते. बदलून घेता येते."

"हात नको लावू," मी म्हणाले. फार जोरात म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं का? मला माहीत नाही. मग ती आत्याच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "राहू द्या. तीच कंपनी घ्या. आजीच्या गाण्यापेक्षा माझं काम मोठं आहे का?" ताईंनी तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ठराव एकमताने मंजूर. जिंकले मी. पोरगी आता तिचं काम एका मैत्रिणीच्या घरी जाऊन करणार आहे, रोज, राजापेठेपर्यंत उन्हातून. आणि नवा आला की ताई मुक्कामालाच येणार आहेत. त्यावर सगळी गाणी एका बैठकीत ऐकायची, त्यांच्या नावाची पहिली.

म्हणजे या वेळी स्पीकरचं कारण पुरणार नाही. पण पकडली जाईन म्हणून हे लिहिलं, असंही समजू नका – तसं पाहिलं तर अजून एखादं कारण सापडेल, मला सापडतात. आईंकडे गाणं होतं, ते घ्यायला मी पुढे झाले नाही, आणि ते मागायला आलेल्यांना मी त्यांच्याच दुःखाचं नाव घेऊन गप्प बसवलं. हे एवढं आहे.

ताई दुपारच्या गाडीने परत गेल्या. पोचल्याचा त्यांचा मिस्ड कॉल येऊन गेला आहे. उलट फोन करून त्यांना सांगायचं आहे. अजून केलेला नाही.